कुत्र्याला घेऊन जर्मनीला जाताना: आधी चिप, मग लस, मग रक्त, आणि तिकीट सगळ्यात शेवटी

ऑफर लेटर येतं. दोन महिन्यांत रुजू व्हा, असं त्यात लिहिलेलं असतं. घरात पेढे वाटून होतात, व्हिसाची अपॉइंटमेंट मिळते, आणि मग कोणाच्या तरी लक्षात येतं की सोफ्याखाली झोपलेल्या प्राण्याचं काय करायचं. उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो: भारतातल्या कुत्र्याला दोन महिन्यांत जर्मनीत नेता येत नाही. पैसे टाकले तरी नाही. कायद्याने ठरवलेली सगळ्यात कमी मुदत चार महिन्यांची आहे, आणि तीही एकही चूक झाली नाही तर.

आम्ही भुरीला पुण्याहून हानोफरला नेलं. भुरी म्हणजे सोसायटीच्या गेटपाशी सापडलेली, एक कान उभा नि एक पडका असलेली, साडेसोळा किलोंची देशी कुत्री. नवरा जानेवारीत पुढे गेला. मी आणि ती मार्चमध्ये जाणार होतो, गेलो जुलैत. हा उशीर कसा झाला ते पुढे सांगतेच, कारण तीच चूक सगळ्यात जास्त लोक करतात.

चार महिने का लागतात

रेबीजच्या हिशोबाने युरोपीय संघाने देशांची यादी केलेली आहे. यादीतल्या देशांतून येणाऱ्या कुत्र्याला चिप, लस आणि प्रमाणपत्र एवढं पुरतं. भारत त्या यादीत नाही. म्हणून आपल्या कुत्र्यांना आणखी एक पायरी चढावी लागते: लसीचा शरीरावर खरोखर परिणाम झालाय हे रक्त तपासून दाखवायचं, आणि रक्त काढल्यावर तीन महिने थांबायचं. हे थांबणं उगाच नाही. लस घेण्याआधीच कुत्र्याला संसर्ग झालेला असेल तर रक्तात प्रतिपिंडं दिसू शकतात आणि तरीही रोग आत वाढत असू शकतो. तीन महिन्यांत तो सहसा वर येतो.

आता क्रम पाहा, आणि हा क्रम कागदावर लिहून काढा:

१. आयएसओ मानकाची मायक्रोचिप.
२. चिपनंतर रेबीजची लस. कुत्रा किमान १२ आठवड्यांचा हवा.
३. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा निकाल ०.५ आययू (प्रतिपिंडं मोजायचं एकक) प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त.
४. रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने पूर्ण.
५. युरोपात पोहोचण्याच्या आधीच्या १० दिवसांत काढलेलं सरकारी आरोग्य प्रमाणपत्र.

समजा चिप आणि लस १ मार्चला झाली. रक्त लवकरात लवकर ३१ मार्चला. तिथून तीन महिने म्हणजे जून संपतो. १ जुलैच्या आधीचं तिकीट काढू नका. पिल्लू असेल तर गणित आणखी पुढे सरकतं. १२ आठवडे, अधिक एक महिना, अधिक तीन महिने, म्हणजे भारतातून निघणारं पिल्लू सुमारे सात महिन्यांचं झाल्याशिवाय जर्मनीत उतरू शकत नाही. 'तिथे जायचंच आहे तर आताच एक गोड पिल्लू घेऊन टाकू' म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

तीन महिने रक्त काढल्याच्या तारखेपासून मोजतात, अहवाल आला त्या तारखेपासून नाही. या एका गैरसमजापायी लोक नाहक तीन-चार आठवडे जास्त थांबतात.

पण त्याआधी जात बघा

नाइलाजाने हा शब्द वापरते. २००१ च्या जर्मन कायद्याने चार जातींचे कुत्रे आणि त्यांचे संकर देशात आणायला बंदी आहे: पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर. याशिवाय तुम्ही ज्या राज्यात राहायला जाणार तिथे 'धोकादायक' धरलेल्या जातींची वेगळी यादी असू शकते, आणि त्या जातींच्या कुत्र्यांवर जादा अटी येतात. पुण्या-मुंबईत पिटबुल पाळणारे आता बरेच दिसतात. त्यांनी चिपच्याही आधी हा प्रश्न सोडवायला हवा.

आपल्या देशी कुत्र्यांना या बंदीची भीती नाही, पण कागदावर जातीच्या रकान्यात काय लिहायचं हा घोळ होतोच. डॉक्टर कधी 'देशी' लिहितात, कधी 'मिश्र', कधी 'इंडियन पराया'. काहीही लिहा, पण सगळीकडे एकच लिहा. लसीच्या पुस्तकात एक, प्रयोगशाळेच्या फॉर्मवर दुसरं आणि प्रमाणपत्रावर तिसरं असं झालं की समोरचा अधिकारी कागद बाजूला ठेवून चष्मा काढतो. रंग आणि जन्मतारीख यांचंही तसंच. सापडलेल्या कुत्र्याची खरी जन्मतारीख कोणालाच माहीत नसते. डॉक्टरांच्या अंदाजाने एक तारीख ठरवा आणि आयुष्यभर तिलाच चिकटून राहा.

चिप आणि लस: आमचं घोडं इथे अडलं

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने टोचतात. तिच्यात १५ आकडी क्रमांक असतो, बाकी काही नाही. ती जीपीएस नाही. कुत्रा हरवला तर ती आपणहून काही सांगत नाही.

चिप लसीच्या आधी हवी. एकाच दिवशी दोन्ही चालतात, पण आधी चिप, मग लस. कारण साधं आहे: लस कुठल्या कुत्र्याला दिली हे चिपच्या क्रमांकावरून ठरतं. क्रमांकच नव्हता तेव्हा दिलेली लस कायद्याच्या दृष्टीने कोणालाच दिलेली नसते.

आमच्या दवाखान्यात त्या दिवशी चिप संपल्या होत्या. 'लस आज देऊन टाकू, चिप पुढच्या आठवड्यात बसवू, काही फरक पडत नाही,' असं सांगितलं गेलं, आणि मी मान डोलावली. आठ दिवसांनी चिप बसली. पुढे रक्त काढायच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी पुस्तक उघडलं, दोन तारखांवर पेन टेकवलं आणि म्हणाले, "ताई, हे उलटं झालंय." भुरीला नव्याने लस, नव्याने ३० दिवस. तोवर मार्च उजाडला होता. दवाखान्याचा दोष होताच. पण पुस्तक दीड महिना माझ्या कपाटात होतं आणि मी ते एकदाही उघडलं नव्हतं, हेही खरं.

म्हणून दवाखान्यातून निघण्यापूर्वी टेबलापाशी उभं राहून तपासा. लसीच्या पानावर चिपचा क्रमांक आहे का? चिप बसवल्याची तारीख लिहिली आहे का? लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, म्हणजे नाव, कंपनी आणि बॅच क्रमांक, चिकटवलंय का? लस दिल्याची आणि ती कधीपर्यंत चालेल याची, अशा दोन्ही तारखा आहेत का? डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक? आणि स्कॅनर फिरवून पडद्यावर आलेला क्रमांक पुस्तकातल्याशी एकेक आकडा जुळवून बघा. पंधरा आकड्यांत तीन शून्यं लागोपाठ आली की लिहिणाऱ्याकडून एखादं गळतं.

आपल्याकडे बहुतेक डॉक्टर रेबीजची लस दर वर्षी देतात आणि पुस्तकात पुढच्या वर्षीची तारीख घालतात. ही तारीख चुकवू नका, अगदी एका दिवसानेही. मुदत संपल्यानंतर दिलेली लस पहिलीच लस धरली जाते, आणि मग रक्ततपासणीपासून सगळं पुन्हा. उलट, लस वेळेवर देत राहिलात तर एकदा उत्तीर्ण झालेली रक्ततपासणी युरोपीय संघाच्या नियमांनुसार कुत्र्याच्या आयुष्यभर चालते. 'पाऊस थांबला की जाऊ' या सवयीची किंमत इथे चार महिने आहे.

रक्ताची तपासणी

डॉक्टरांकडे याला 'टायटर टेस्ट' म्हणतात. युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेचाच अहवाल चालतो. प्रयोगशाळांची देशवार यादी युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर असते. 'आमची लॅबपण हीच टेस्ट करते' असं कोणी म्हटलं तर त्या यादीत नाव शोधा, सापडलं नाही तर नमस्कार करून निघा.

रक्त काढताना आधी चिप स्कॅन करायची आणि तोच क्रमांक फॉर्मवर घालायचा. मग रक्तातला द्रव वेगळा काढून, थंड पेटीत, कुरिअरने प्रयोगशाळेत जातो. नमुना परदेशी पाठवायचा असेल तर कुरिअरची कागदपत्रं हा स्वतंत्र उद्योग आहे. प्राणी परदेशी पाठवून देणाऱ्या एजन्सी सगळं मिळून बरीच मोठी रक्कम सांगतात. माझं मत विचाराल तर नमुना पाठवण्यापुरती त्यांची मदत घ्या, बाकीचं स्वतः करा. बाकीच्या कामांना तारखा सांभाळण्यापलीकडे काही कौशल्य लागत नाही, आणि तुमच्या कुत्र्याच्या तारखा तुमच्याइतक्या काळजीने दुसरं कोणी सांभाळणार नाही.

आयुष्यात एकच लस झालेला तरुण कुत्रा कधी कधी ०.५ च्या खाली येतो. त्यात त्याचा दोष नाही, शरीराला दुसऱ्या डोसची गरज असते. लस पहिल्यांदाच देत असाल तर काही आठवड्यांच्या अंतराने दुसरा डोस द्यायचा का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. नापास होऊन पुन्हा सुरुवात करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. अहवालाची मूळ प्रत जपून ठेवा. ती प्रमाणपत्राला जोडावी लागते.

मालक कोण आणि पाच दिवस

आता जे सांगते ते जोडप्यांसाठी. एक जण पुढे जातो, दुसरा कुत्र्याला घेऊन मागून येतो. 'घरचा प्राणी, विक्रीसाठी नाही' या सोप्या नियमांत बसायचं तर मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. दोघांपैकी कोणीही आधी गेलं तरी चालतं. कुत्र्याला दुसरं कोणी नेणार असेल तर मालकाने लेखी अधिकार द्यायचा, पण मालकाचा स्वतःचा प्रवास त्याच पाच दिवसांत हवा. नवरा जानेवारीत गेलेला, त्यामुळे भुरीच्या कागदांवर मालक म्हणून त्याचं नाव असतं तर आम्ही अडकलो असतो. लसीच्या पहिल्या पानापासून माझं नाव होतं, हा निव्वळ योगायोग. तुम्ही योगायोगावर राहू नका. कोण कुत्र्याबरोबर विमानात बसणार हे ठरवा आणि सगळ्या कागदांवर त्याच व्यक्तीचं नाव घाला, पासपोर्टवर जसं आहे तसंच.

एका वेळी जास्तीत जास्त पाच प्राणी नेता येतात. आणि तिथे पोहोचल्यावर कुत्रा दुसऱ्याला विकायचा किंवा दत्तक द्यायचा असेल तर तो 'घरचा प्राणी' उरत नाही, व्यापारी वाहतुकीचे वेगळे नियम लागतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांना परदेशात घर मिळवून देणाऱ्या संस्था कधी 'तुम्ही जाताच आहात तर याला सोबत न्या' म्हणतात. हेतू चांगला असतो, पण सही करण्यापूर्वी तो कुत्रा कुठल्या नियमांखाली जातोय हे विचारा.

प्रमाणपत्र आणि सरकारी कार्यालय

भारतातून प्राणी बाहेर नेण्याचं काम केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याची पशू विलगीकरण व प्रमाणन सेवा पाहते. सगळे तिला 'एक्यूसीएस' किंवा नुसतं 'क्वारंटाइन' म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, ते तुमच्या कुत्र्याला ठेवून घेत नाहीत. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद अशा मोजक्याच शहरांत त्यांची केंद्रं आहेत. पुण्यात नाही, नागपुरात नाही, गोव्यातही नाही. म्हणजे पुणेकरांना कुत्र्यासह मुंबई गाठावी लागते. पणजी-मडगावकरांनी मुंबई की बंगळूर हे विमान कुठून आहे त्यावर ठरवावं.

अर्जासोबत मालकाचा पासपोर्ट, तिकीट, लसीचं पुस्तक, टायटरचा अहवाल आणि खासगी डॉक्टरांनी तपासून दिलेलं तंदुरुस्तीचं पत्र लागतं, आणि कुत्रा समोर उभा करावा लागतो. अधिकारी चिप स्कॅन करतात. भुरीच्या मानेवर स्कॅनर दोनदा फिरला आणि आवाजच आला नाही. मला घाम फुटला. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या खांद्यावरून खाली नेला तेव्हा टुक् झालं. चिप कातडीखाली थोडी सरकते, हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून एकदा चिप शोधून घ्या आणि ती कुठे लागते ते लक्षात ठेवा.

आता प्रमाणपत्राबद्दल. युरोपीय संघाचा स्वतःचा ठरलेला नमुना आहे, आणि तो तुमच्या प्रवेशाच्या देशाच्या भाषेत आणि इंग्रजीत असा दुहेरी लागतो. इथे 'प्रवेशाचा देश' म्हणजे जिथे विमान पहिल्यांदा युरोपीय संघात टेकतं तो. मुंबईहून थेट फ्रँकफुर्ट असेल तर जर्मन आणि इंग्रजी. पण ॲमस्टरडॅमला उतरून पुढे हानोफरला जाणार असाल तर डच आणि इंग्रजी, पॅरिसहून असेल तर फ्रेंच आणि इंग्रजी. तिकीट बदललं की फॉर्मही बदलतो. नमुना वेळोवेळी सुधारला जातो, म्हणून मित्राने दोन वर्षांपूर्वी पाठवलेली पीडीएफ वापरू नका, ताजा उतरवून घ्या. तो कॅपिटल अक्षरांत भरायचा, खाडाखोड नको, आणि त्याच्यासोबत 'हा प्राणी विक्रीसाठी नाही' असं मालकाचं स्वाक्षरीचं घोषणापत्र जोडायचं.

हे प्रमाणपत्र सही झाल्यापासून युरोपातल्या तपासणीपर्यंत १० दिवस चालतं. एकदा आत गेलात की संघातल्या पुढच्या प्रवासाला तेच चार महिन्यांपर्यंत वापरता येतं, अर्थात लसीची मुदत तोवर असेल तर. दहा दिवसांत एक शनिवार-रविवार येतोच, सणाची सुट्टी येऊ शकते, विमान रद्द होऊ शकतं. मी निघण्याच्या पाच दिवस आधी सही घेतली. फार लवकर नाही, फार उशिरा नाही.

फिनलंड, आयर्लंड, माल्टा किंवा नॉर्वे इथे जाणार असाल तर आणखी एक काम: प्रवेशाच्या आधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान डॉक्टरांकडून एका विशिष्ट पट्टकृमीवरचं औषध, आणि त्याची वेळेसकट नोंद. जर्मनीला हे लागत नाही.

विमान आणि पिंजरा

विमान कंपन्यांचे नियम कायद्याहून वेगळे असतात आणि तेही पाळावे लागतात. लुफ्थान्साच्या केबिनमध्ये पिशवीसकट आठ किलोपर्यंतचा प्राणी चालतो. त्यावरचा खाली, हवा आणि तापमान राखलेल्या कप्प्यात जातो. एमिरेट्सच्या केबिनमध्ये कुत्रा नाहीच. तिथे फक्त ससाण्याला जागा आहे, तीही मोजक्या मार्गांवर. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना अनेक कंपन्या खालच्या कप्प्यात घेत नाहीत, कारण उष्णतेत त्यांना श्वास पुरत नाही. तिकीट काढण्यापूर्वी फोन करून कुत्र्याची जागा पक्की करा. एका विमानात प्राण्यांच्या जागा थोड्याच असतात. ऑनलाइन माणसाचं तिकीट मिळालं म्हणजे कुत्र्याचं मिळालं असं नाही.

पिंजऱ्याचं माप आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमांनी ठरतं. टेप घ्या आणि कुत्रा उभा असताना मोजा. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग मिळवला की पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट ही रुंदी. उभ्या कुत्र्याच्या डोक्याच्या किंवा कानाच्या टोकापर्यंतची उंची, जे उंच असेल ते, आणि अंथरुणाची जाडी, ही उंची. भुरीच्या एका उभ्या कानामुळे आम्हाला एक साइझ मोठा पिंजरा घ्यावा लागला.

पिंजरा दोन महिने आधी घरात आणा. आम्ही दार काढून तो हॉलमध्ये ठेवला आणि रोज रात्रीची दूध-पोळी आतच दिली. पहिले चार दिवस ती पोळी ओढून बाहेर आणायची. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या नऊवारीची चौघडी आत घातली तेव्हापासून दुपारची झोपही तिथेच लागायला लागली. ती चौघडी विमानातही गेली. झोपेचं औषध मात्र देऊ नका. उंचीवर रक्तदाब नि श्वास यांवर त्याचा वाईट परिणाम होऊ शकतो, आणि गुंगीतला कुत्रा बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत.

उतरल्यावर

संघाबाहेरून आणलेला प्राणी ठरावीक विमानतळांवरूनच आत नेता येतो. फ्रँकफुर्ट त्यातलंच एक. सामान घेऊन हिरव्या मार्गाने बाहेर पडू नका. लाल मार्गाने जा आणि कुत्रा आहे हे आपणहून सांगा. कागद बघतात, चिप स्कॅन करतात, शिक्का मारतात. आमची ही सगळी तपासणी चहा गार होण्याआधी संपली. कागद चुकीचे निघाले तर मात्र तीन मार्ग असतात: कुत्रा परत पाठवणं, तुमच्या खर्चाने विलगीकरणात ठेवणं, आणि दोन्ही शक्य नसेल तर सगळ्यात वाईट तो. म्हणून तर एवढा तारखांचा जप.

आणि इथे काम संपतं असं वाटतं, पण संपत नाही. जर्मनीत कुत्रा पाळण्याचा कर असतो, 'हुंडेश्टॉयर'. तो पालिका गोळा करते आणि दर गावोगावी वेगळा. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला १२० युरो, दुसऱ्यापासून प्रत्येकी १८०. पत्त्याची नोंदणी झाली की लगेच हीही नोंदणी करून टाका. नंतर उघडकीस आलं तर दंड होतो.

बाकीचे नियम राज्याचे. हानोफर ज्यात येतं त्या नीडरझाक्सनचे कडक आहेत. सहा महिन्यांवरच्या कुत्र्याला चिप आणि तृतीय पक्ष विमा सक्तीचा; विम्याचं संरक्षण माणसांच्या इजेसाठी किमान ५ लाख युरो आणि वस्तूंच्या नुकसानीसाठी अडीच लाख. राज्याच्या नोंदवहीत नाव घालायचं. शिवाय २०१३ पासून नव्या कुत्रेवाल्यांना परीक्षा आहे, लेखी आणि प्रात्यक्षिक. हो, परीक्षा मालकाची. मागच्या दहा वर्षांत सलग दोन वर्षं कुत्रा पाळला असेल तर सूट मिळते. आपला पुणे महापालिकेचा परवाना आणि लसीच्या जुन्या नोंदी फेकू नका. मी त्याच पुढे केल्या. पुण्या-मुंबईत हा परवाना काढायचा लोक कंटाळा करतात, पण परदेशात तोच एक कागद तुम्ही मालक आहात आणि किती वर्षांपासून आहात हे सांगतो.

आणखी एक. १ एप्रिल ते १५ जुलै या काळात नीडरझाक्सनच्या जंगलात आणि मोकळ्या माळावर कुत्र्याला दोरीनेच न्यावं लागतं, कारण पक्ष्यांची घरटी आणि हरणांची पिल्लं असतात. भुरी ७ जुलैला पोहोचली. पहिला आठवडा समोरच्या सशांकडे बघत दोरी ताणण्यात गेला.

घर भाड्याने घेताना 'कुत्रा-मांजर पाळता येणार नाही' असं छापील कलम दिसलं तर घाबरू नका. अशी सरसकट बंदी चालत नाही, असा निकाल जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आहे. पण घरमालक तुमच्यापुरतं कारण देऊन नाही म्हणू शकतो, आणि घरं मिळणं कठीण असताना कोर्टाची भाषा काढून फायदा नसतो. आम्ही अर्जासोबत भुरीचा फोटो आणि विम्याची प्रत जोडली. नवव्या घराने हो म्हटलं.

दुसऱ्या देशांना जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

ब्रिटनलाही चिप, लस, रक्त, तीन महिने हाच क्रम आहे. वर पट्टकृमीचं औषध लागतं, आणि विमानाने जाणारा कुत्रा केबिनमध्ये किंवा सामान म्हणून नाही तर कार्गो म्हणूनच उतरवावा लागतो.

अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा. भारत तिथे रेबीजचा जास्त धोका असलेल्या देशांत मोडतो, म्हणून सरकारी पशुवैद्याने मान्य केलेला लस आणि चिपचा फॉर्म लागतो, ठरलेल्या मोजक्या विमानतळांपैकी एकावरच उतरावं लागतं आणि तिथल्या नोंदणीकृत प्राणी केंद्रात आधी जागा घ्यावी लागते. रक्ताचा अहवाल नसेल तर २८ दिवस विलगीकरण. अहवाल असेल तर रक्त प्रवेशाच्या किमान २८ दिवस आधी काढलेलं हवं.

कॅनडा त्या मानाने सोपा आहे. घरच्या कुत्र्याला रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र हा मुख्य कागद. ऑस्ट्रेलियात भारतातून थेट कुत्रा नेताच येत नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या तिसऱ्या देशात त्याला ठेवावं लागतं. सिडनीची नोकरी स्वीकारताना हा खर्च आणि वेळ पगाराच्या गणितात धरा.

परतीचा विचार आताच

जर्मनीत स्थिरावल्यावर तिथल्या डॉक्टरांकडून कुत्र्याचा युरोपीय पासपोर्ट काढून घ्या. निळं छोटं पुस्तक. सुट्टीत कुत्र्याला भारतात आणायचा विचार असेल तर युरोप सोडण्यापूर्वी टायटर चाचणी यशस्वी झाल्याची नोंद त्या पासपोर्टात असू द्या. मग परत जाताना तीन महिन्यांची अट लागत नाही. नोंद नसेल तर दिवाळीला आलेला कुत्रा होळीपर्यंत आजीकडेच राहील.

कायमचं परतायचं असेल तर भारताचेही नियम आहेत. परदेशात दोन वर्षं राहून मुक्काम हलवणाऱ्याला दोन प्राणी आणता येतात, त्यासाठी निघण्यापूर्वी क्वारंटाइन खात्याची परवानगी लागते, आणि उतरायचं क्वारंटाइन केंद्र असलेल्या शहरांतच. पुण्याचं तिकीट स्वस्त मिळालं तरी कुत्रा मुंबईलाच उतरेल, आणि पुढे द्रुतगती मार्गाने गाडी करून यावं लागेल. खालापूरच्या आसपास त्याला एकदा पाय मोकळे करायला उतरवा, दोरी हातात घट्ट धरून.